एकच गाणं, तोच गायक, मग इतक्यांदा रेकॉर्ड का केलं? (सिनात्रा आणि जॅझ स्टँडर्ड्स)

निशिगंध
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात बाबांच्या कपाटातून कॅसेटींचा एक खोका निघाला, वर भीमसेनजी, वसंतराव आणि खाली तळाशी अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राच्या सहा कॅसेटी. टेपरेकॉर्डर केव्हाच बंद पडलाय म्हणून तीच गाणी नेटवर शोधायला बसले आणि तिथेच अडकले. 'नाईट अँड डे' शोधलं तर एकाच माणसाची कितीतरी रेकॉर्डिंग्ज! १९४२चं एक, एकदम कोवळा आवाज, मागे व्हायोलिनं, ठेका असा जवळजवळ नाहीच. मग १९५७च्या रेकॉर्डवरचं, नेल्सन रिडलचा वाद्यवृंद, त्यात तो चालत नाही तर पळतो. मग डॉन कॉस्टाबरोबरचं संथ, भरपूर व्हायोलिनांचं. मग १९६२चं पॅरिसमधलं, नुसती एक गिटार आणि हा. आणि १९७७ला त्याच गाण्याचं चक्क डिस्को. पस्तीस वर्षं एकच गाणं!

आपल्याकडे सिनेमाचं गाणं एकदा रेकॉर्ड झालं की झालं. तेच मूळ, बाकी सगळे ते 'म्हणून दाखवणारे'. मी सहा वर्षं शास्त्रीय शिकले, त्यामुळे बंदिश शंभर जणांनी गायलेली मला कळते, पण हे तर लिहिलेलं, बांधलेलं, शब्दांचं गाणं आहे. मग स्टँडर्ड म्हणजे नक्की काय, कोण ठरवतं, आणि हा मनुष्य तेच तेच का गात राहिला? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज, घाई नाही.

अण्णू
जागा धरून ठेवतो. हा धागा लांब जाणार.

कोपऱ्यावरचा_पियानो
निशिगंध, फार आवडता विषय काढलात, त्यामुळे मोठं लिहितोय.

स्टँडर्ड म्हणजे जॅझवाले पिढ्यानपिढ्या आपापल्या पद्धतीने गात-वाजवत राहतात ती गाणी. ही गाणी बहुतेक जॅझसाठी लिहिलेलीच नव्हती. साधारण १९२० ते ५० या काळातली ब्रॉडवेची नाटकं आणि हॉलिवूडचे संगीतपट, त्यातली ही गाणी. 'नाईट अँड डे' कोल पोर्टरने १९३२ साली 'गे डिव्होर्स' नावाच्या नाटकासाठी केलं, रंगमंचावर गायला फ्रेड अस्टेअर. आता तुमच्या 'मूळ' वाल्या प्रश्नाकडे येतो. त्या काळात गाण्याचा खरा धंदा रेकॉर्डचा नव्हता, छापील नोटेशनचा होता. घरोघरी पियानो असायचा, लोक गाण्याचे कागद विकत घ्यायचे. न्यूयॉर्कच्या पश्चिम २८व्या रस्त्यावर प्रकाशकांची दुकानं एकाला एक लागून होती, टिन पॅन अ‍ॅली म्हणायचे त्याला. प्रकाशकाचा फायदा कशात? जितके जास्त गायक आणि जितके जास्त बँड ते गाणं वाजवतील तितके कागद खपणार. म्हणजे हे गाणं जन्मालाच आलं ते 'कुणीही गावं' म्हणून. मूळ गायक ही भानगडच नाही.

आणि नाटक पडलं तरी गाणं मरत नव्हतं. जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाईनचं 'ऑल द थिंग्ज यू आर' ज्या नाटकातलं आहे ते 'व्हेरी वॉर्म फॉर मे' १९३९ साली जेमतेम ५९ प्रयोग चाललं. नाटक आज कुणाला आठवत नाही आणि गाणं जगातला प्रत्येक जॅझ शिकणारा पोरगा वाजवतो, कारण त्यातले कॉर्ड (चालीखाली एकत्र वाजणारे सूर) एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत इतके सहज घसरत जातात की बोटांना चटक लागते. मला लागली होती, सतराव्या वर्षी, अजून सुटलेली नाही.

ऋतुजा_व
मला एक सांगा, कॉर्ड वाजवतात म्हणजे चाल वाजवत नाहीत का? मग गाणं ओळखायचं कसं?

कोपऱ्यावरचा_पियानो
ऋतुजा, बरोब्बर जागी बोट ठेवलंस. बऱ्याच गाण्यांचा साचा ३२ बारचा असतो (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक तुकडा), ८ बारचा मुखडा दोनदा, मग ८ बारचा वेगळा तुकडा (आपण अंतरा म्हणू), मग परत मुखडा. ('नाईट अँड डे' यात बसत नाही, ते ४८ बारचं आहे.) आधी चाल वाजवायची, मग तो ३२ बारचा साचा आवर्तनासारखा फिरत राहतो आणि वादक त्यावर स्वतःचं नवीन रचत जातो. कोलमन हॉकिन्सचं 'बॉडी अँड सोल' ऐक, ऑक्टोबर १९३९चं. सॅक्सोफोनवर सुरुवातीला थोडीशी चाल दाखवतो आणि नंतर तिच्याकडे परत वळतच नाही, तरी आत कुठेतरी गाणं चालू असल्याचं जाणवत राहतं. तीनच मिनिटं आहेत, दहादा ऐक.

पुढे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या पिढीने तर जुन्या गाण्याचे कॉर्ड ठेवून वर नवीच चाल बसवली. 'हाऊ हाय द मून'च्या कॉर्डवर 'ऑर्निथॉलॉजी', 'चेरोकी'वर 'को-को', गर्शविनच्या 'आय गॉट रिदम'वर तर मोजता येणार नाहीत इतकी. कॉपीराइट चालीवर असतो, कॉर्डवर नसतो, त्यामुळे रॉयल्टीही वाचायची आणि नवं गाणं स्वतःच्या नावावर लागायचं.

तात्या_६३
पियानोराव छान लिहिलंत. पण सिनात्राचं नाव आणि जॅझ एका दमात घेतलेलं मला कधीच पटलेलं नाही. माझं तरुणपण मुंबईत गेलं, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये शनिवारी दुपारी उभं राहून ऐकायचं हा आमचा देवदर्शनासारखा नेम (२०१६ला बंद झालं तेव्हा घरात कुणी गेल्यासारखं वाटलं). तिथे मी सगळं पालथं घातलंय. जॅझ गाणारी म्हणजे बिली हॉलिडे, एला फिट्झजेराल्ड, सारा व्हॉन. एला शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर जेव्हा सुटते तेव्हा सॅक्सोफोनवाल्याने खाली बसावं. आणि क्रूनरच हवा तर नॅट किंग कोल घ्या, तो मुळात अव्वल पियानोवादक, त्याची पियानो, गिटार आणि बासची तिघांची पार्टी ऐका. सिनात्रा चाल कधी मोडतो? जवळपास नाहीच. उत्तम भावगीतगायक म्हणा, मी पहिला मान डोलवेन. जॅझ नव्हे.

सातारी_कंदी
तात्या, सकाळी सकाळी बॉम्ब टाकलात.

नदीपलीकडे
तात्या, तुमच्याबद्दल आदर आहे पण इथे मी भांडणार. मी न्यू जर्सीत राहते, होबोकनपासून गाडीने पंधरा मिनिटं. सिनात्रा तिथलाच, १२ डिसेंबर १९१५चा जन्म, ४१५ मन्रो स्ट्रीट. ते घर आता नाही, आगीत गेलं, फुटपाथवर एक पितळी चांदणी बसवली आहे. आई लेकराला स्ट्रोलरमध्ये घालून त्यावरून जाते, कुणी थांबतं, कुणी नाही. नदीकाठच्या रस्त्यालाही त्याचंच नाव आहे, तिथून समोर अख्खं मॅनहॅटन दिसतं. मी तिथे हेडफोन लावून चालते तेव्हा मला दरवेळी वाटतं की या पोराला रोज समोर ते शहर दिसत होतं आणि मध्ये पाणी होतं. त्याच्या गाण्यातली ओढ मला तिथून कळायला लागली.

आता मुद्दा. चाल मोडली म्हणजेच जॅझ का? त्याचं जॅझ वेळेत आहे. शब्द ठोक्यावर पडणार असं आपण धरून चालतो आणि तो तिथे पडतच नाही, किंचित मागे रेंगाळतो, मग पुढच्या ओळीत दोन शब्द पटकन उरकून समेला बरोबर हजर. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने स्वतः म्हटलंय की वाक्य कसं तोडायचं हे तो सिनात्राकडून शिकला. लेस्टर यंगसारखा सॅक्सोफोनवाला त्याचा चाहता होता. वाजवणाऱ्यांना ज्याच्यात जॅझ ऐकू येतं त्याला आपण बाहेर कसं काढायचं?

तात्या_६३
नदीताई, माइल्सने तसं म्हटलंय हे खरं. पण शिकणं वेगळं आणि तो स्वतः काय करत होता ते वेगळं. मी हटत नाही. मात्र चांदणीचं वाचून बरं वाटलं, तिथला एक फोटो टाका जमलं तर.

ऋतुजा_व
क्रूनर म्हणजे काय? सगळे हा शब्द वापरताय.

नदीपलीकडे
माइकच्या जवळ जाऊन हळू आवाजात, जणू एकट्या तुझ्याशीच बोलतोय असं गाणारा. १९२५च्या आधी रेकॉर्डिंग एका मोठ्या कर्ण्यात ओरडून व्हायचं, त्यामुळे खणखणीत आवाज हवा. इलेक्ट्रिक माइक आला आणि कुजबूजसुद्धा पकडता यायला लागली. बिंग क्रॉस्बी त्या पिढीचा राजा. सिनात्रा म्हणायचा की माइक हे माझं वाद्य आहे, आणि तो खरंच तसा वागवायचा, 'प' 'ब' आले की तोंड बाजूला, श्वास घेताना माइक लांब. श्वास ऐकूच येत नाही त्याचा, लक्ष देऊन बघ.

कोपऱ्यावरचा_पियानो
श्वासाचं निघालंच आहे तर सांगतो. १९४० ते ४२ तो टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये होता. डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवायचा आणि आठ-आठ, सोळा-सोळा बार एका दमात वाजवल्यासारखे लागायचे. पोरगं मागच्या खुर्चीवर बसून त्याच्या पाठीकडे बघत राहायचं की हा श्वास घेतो कधी. डॉर्सी तोंडाच्या कोपऱ्यातून चोरून घ्यायचा. सिनात्राने ते उचललं, वर पाण्याखाली पोहून दमसास वाढवला. 'ओल' मॅन रिव्हर'मध्ये अंतरा संपून मुखडा येतो तिथे कुणीही थांबेल, हा खालच्या सुरावरून न तोडता पुढे जातो. आपल्याकडे ज्यांनी दमसासाचा रियाज केलाय त्यांना ती जागा ऐकून घाम फुटेल.

आणि गंमत बघा, ज्याच्याबरोबर त्याचं सर्वोत्तम काम झालं तो अरेंजर (कुठलं वाद्य कधी काय वाजवणार ते लिहिणारा) नेल्सन रिडल, तोही ट्रॉम्बोनवाला आणि तोही डॉर्सीच्या बँडमधून गेलेला, सिनात्रा सोडून गेल्यानंतर.

गिरणगावकर
मला सुरातलं फार कळत नाही पण या गोष्टीत एक संप आहे आणि संप मला कळतो, आमचं घर ८२च्या संपात होरपळलेलं आहे. तर १ ऑगस्ट १९४२ला अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. नेता जेम्स पेट्रिलो. मागणी सरळ होती, रेकॉर्ड आणि रेडिओमुळे हॉटेलात, थिएटरात वाजवणाऱ्यांची रोजीरोटी जाते आहे, तर प्रत्येक रेकॉर्डमागे थोडे पैसे बेकार वादकांच्या निधीत टाका. चूक काय होतं त्यात? डेक्का कंपनी सप्टेंबर १९४३ला नमली, कोलंबिया आणि व्हिक्टर मात्र नोव्हेंबर १९४४पर्यंत ताणत बसल्या.

आता सिनात्राचं काय झालं, तो नुकताच डॉर्सीला सोडून कोलंबियात आलेला आणि वाजवायला माणूस नाही. गायक युनियनच्या बंदीत नव्हते. मग १९४३च्या उन्हाळ्यात त्याने मागे नुसता गाणाऱ्यांचा ताफा घेऊन, एकही वाद्य नसताना, गाणी रेकॉर्ड केली. 'क्लोज टू यू' ऐका, व्हायोलिनच्या जागी माणसांचे गळे हम्म करतायत. आणि कंपनीने त्याचं १९३९चं हॅरी जेम्सच्या बँडबरोबरचं 'ऑल ऑर नथिंग अ‍ॅट ऑल' पुन्हा बाजारात आणलं. पहिल्यांदा ते कुणी विचारलं नव्हतं, आता तुफान चाललं. संप संपेस्तोवर लोकांना बँडपेक्षा गायकाची सवय लागली होती. ज्या वादकांसाठी संप केला त्यांचेच मोठे बँड पुढे मोडले, त्याला लढाई, खर्च अशी बाकीही कारणं होती, पण मला ते वाचताना गलबलून आलं होतं, माझे वडील आठवले.

निशिगंध
गिरणगावकरदादा, 'क्लोज टू यू' आत्ताच ऐकलं. मला वाटलं होतं ती जुन्या काळची फॅशन असेल. आता ते गळे वेगळे ऐकू येतात.

म्हापशेकार
देव बरें करूं सगळ्यांचें. मी मूळचा म्हापशाचा, नोकरीमुळे आता बेळगावात. माझा धाकटा मामा मुंबईला हॉटेलांत ट्रम्पेट वाजवायचा, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या गोंयकार मंडळींना चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फेज शिकवायचे, म्हणजे कागद बघून वाजवता यायचं. तीसच्या दशकात ताजमध्ये अमेरिकन काळ्या वादकांचे बँड आले, लिऑन अ‍ॅबीचा, मग टेडी वेदरफर्ड, त्यांच्या शेजारी बसून आमच्या लोकांनी हे संगीत उचललं. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री हॉटेलात स्टँडर्ड वाजवायची आणि दिवसा स्टुडिओत सी. रामचंद्रांकडे. 'अलबेला' (१९५१) बघा, चिकचा बँड पडद्यावरसुद्धा दिसतो. आणि अण्णा चितळकर, म्हणजे सी. रामचंद्रच, स्वतः लताबाईंबरोबर 'शोला जो भडके' गातात ते कसं गातात ऐका, ओरडत नाहीत, माइकला कुजबुजतात! सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, सगळे आमचे, ज्यांनी हिंदी गाण्यांमागची वाद्यं कागदावर मांडली.

मामाला सिनात्रा पसंत होता तो एका गोष्टीसाठी. स्टेजवर प्रत्येक गाण्याआधी तो सांगायचा, शब्द अमक्याचे, चाल तमक्याची, अरेंजमेंट नेल्सन रिडलची. मामा म्हणायचा, आमचीं नांवां कोणें सांगलीं? हे तो रागाने नाही, अगदी हळू म्हणायचा.

अण्णू
म्हापशेकार, मामांबद्दल अजून लिहा. वेगळा धागा काढा.

सातारी_कंदी
+१. आणि 'अलबेला' आज रात्री परत बघणार.

तात्या_६३
ऐंशीच्या दशकात रंगभवनला जॅझ यात्रा ऐकलेली आहे मी, उघड्यावर, जानेवारी-फेब्रुवारीची गार हवा. १९७८च्या पहिल्या यात्रेला सॉनी रोलिन्स येऊन गेला, ती हुकल्याची हळहळ अजून आहे. म्हापशेकार, चर्चगेटच्या हॉटेलांमधले लोक तेव्हा रंगभवनला प्रेक्षकांत बसलेले असायचे, तुमचे मामा कदाचित माझ्या शेजारीच असतील.

कोपऱ्यावरचा_पियानो
गाडी गोव्याला गेली ते छानच झालं, पण निशिगंध यांच्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलंय, स्टँडर्ड कोण ठरवतं.

माझं मत असं, आणि तात्या इथे पुन्हा रागावतील, की यादी ठरवण्यात सिनात्राचा हात फार मोठा आहे. १९४६ला त्याने 'द व्हॉइस ऑफ फ्रँक सिनात्रा' नावाचा चार तबकड्यांचा संच काढला, आठ गाणी, मागे मोजकी वाद्यं. त्यात 'समवन टू वॉच ओव्हर मी' आहे, जे गर्शविनचं १९२६चं, म्हणजे तेव्हाच वीस वर्षं जुनं. १९४८ला एल.पी. आली. एल.पी.ला बारा-सोळा गाणी लागतात आणि एका भावात विणलेली लागतात, तेवढी चांगली नवी गाणी आणणार कुठून? मग त्याने मागे वळून नाटकांतली, विस्मरणात चाललेली गाणी उचलली. १९५५चं 'इन द वी स्मॉल अवर्स' घ्या, १६ गाणी, सगळी रात्री झोप न लागणाऱ्या माणसाची. शीर्षकगीत नवं, बाकी बरीचशी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, एलिंग्टनचं 'मूड इंडिगो', पोर्टर, रॉजर्स आणि हार्ट. पुढच्याच वर्षी एलाने निर्माता नॉर्मन ग्रँझच्या आग्रहाने कोल पोर्टरची अख्खी साँगबुक, म्हणजे फक्त त्याच्याच गाण्यांचा संच, केली. या दोघांनी जे उचललं ते टिकलं. जे यांच्या हाताला लागलं नाही त्यातलं कितीतरी चांगलं अजून कपाटात पडून असेल.

नंतर सत्तरच्या दशकात बॉस्टनच्या बर्कली संगीत कॉलेजातल्या पोरांनी हातानं उतरवलेलं गाण्यांच्या नोटेशनचं 'रिअल बुक' आलं, बेकायदा छापलेलं, दुकानात काउंटरखालून मिळायचं. आमच्या पिढीची यादी त्याने ठरवली. त्यात कॉर्डच्या चुका होत्या, त्या चुकाही जगभर परंपरा म्हणून वाजतात.

तात्या_६३
रागावलो नाही. हे मान्य. यादी त्याची, आवाज नॅटचा.

नदीपलीकडे
मधली वर्षं विसरू नका हं. १९५०ला त्याचा गळा स्टेजवरच गेला, रक्त आलं. रेकॉर्ड खपेनात, कंपनीने त्याच्याकडून १९५१ला 'मामा विल बार्क' गाऊन घेतलं ज्यात कुत्र्याचं भुंकणं आहे, आणि ५२ला करार संपवला. ३० एप्रिल १९५३ला कॅपिटलच्या स्टुडिओत रिडलबरोबर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा तो संपलेला माणूस समजला जात होता. त्या दिवशीचं 'आयव्ह गॉट द वर्ल्ड ऑन अ स्ट्रिंग' ऐका. सुरुवातीची ओळ वरून खाली येते ना, तिथे आवाजाला एक खरखर आहे जी चाळीसच्या दशकात नव्हती. पडून उठलेल्या माणसाचा आवाज. निशिगंध, तेच ते पुन्हा का गायला याचं माझं उत्तर हे आहे, १९४२च्या पोराला त्या गाण्यातलं काय ठाऊक होतं? शब्द तेवढेच राहिले, माणूस बदलला.

ऋतुजा_व
एकच रेकॉर्डिंग ऐकायचं तर कुठलं? परीक्षा आहे, वेळ कमी आहे.

कोपऱ्यावरचा_पियानो
'आयव्ह गॉट यू अंडर माय स्किन', १२ जानेवारी १९५६. पोर्टरचंच, १९३६च्या 'बॉर्न टू डान्स' सिनेमातलं. रिडलने अरेंजमेंट अगदी शेवटच्या घटकेला पुरी केली, आणि वादकांनी पहिल्यांदा वाजवून पाहिल्यावर टाळ्या वाजवल्या. मध्ये एक ट्रॉम्बोन सोलो आहे मिल्ट बर्नहार्टचा. त्याआधी बास ट्रॉम्बोनपासून एकेक वाद्य चढत जातं, रिडलच्या डोक्यात राव्हेलचा 'बोलेरो' होता, चढत चढत धरण फुटल्यासारखा बर्नहार्ट बाहेर येतो. वीसहून जास्त टेक झाले. बर्नहार्टने पुढे सांगितलंय की माइक उंच लावलेला, तो पोचत नव्हता, तर सिनात्रा स्वतः जाऊन एक खोकं घेऊन आला त्याला उभं राहायला. इतक्या टेकनंतर ओठ संपलेले असतात ट्रॉम्बोनवाल्याचे. त्या सोलोत जी ओरड आहे ती सगळी तंत्र नाही, थोडी दमणूकही आहे.

ऋतुजा, सोलो संपल्यावर सिनात्रा परत येतो ती जागा ऐक आणि मग अभ्यासाला बस. ऑल द बेस्ट.

म्हापशेकार
त्या सोलोवर मामा जेवण सोडून उठायचा.

निशिगंध
एक विचारू का, त्याला न जमलेलं गाणं आहे का एखादं? सगळं जमणाऱ्या माणसाबद्दल मला कधीकधी विश्वास वाटत नाही.

तात्या_६३
आहे! आणि हे सांगताना मला फ्रँकबद्दल प्रेम वाटतं, लिहून ठेवा. 'लश लाइफ'. बिली स्ट्रेहॉर्नने ते मिसरूड फुटायच्या वयात लिहायला घेतलं, आणि त्यात दारूच्या गुत्त्यातला थकलेला माणूस आहे, त्या पोराला कुठून कळलं देव जाणे. चाल अशी की पाय कुठे टाकायचा समजत नाही. १९५८ला 'ओन्ली द लोनली' या एल.पी.च्या वेळी सिनात्राने घेतलं, दोन-तीनदा प्रयत्न केला, त्या दिवशी रिडल नव्हता, वाद्यवृंद फेलिक्स स्लॅटकिन सांभाळत होता. जमेना. सोडून दिलं आणि पुन्हा कधी रेकॉर्ड केलं नाही. ते अर्धवट तुकडे फिरतात, ऐकले आहेत मी. नॅटने १९४९ला केलेलं आहे. आणि १९६३चं जॉन कोलट्रेन आणि जॉनी हार्टमनचं ऐका, रात्री, दिवा मालवून. मी बायपासनंतर हॉस्पिटलातून घरी आलो त्या रात्री तेच ऐकलं होतं.

सातारी_कंदी
तात्या 🙏 काळजी घ्या.

गिरणगावकर
मला एक गोष्ट सांगायची राहिली, 'इन द वी स्मॉल अवर्स'वर एक गाणं आहे, 'आय गेट अलाँग विदाउट यू व्हेरी वेल'. संगीतकार होगी कारमायकलला मित्राने एका मासिकातून उतरवून घेतलेली कविता दिली, खाली नाव नुसतं जे. बी. चाल झाली, पण छापायची तर कवीची परवानगी पाहिजे. वॉल्टर विंचेल या पत्रकाराच्या मदतीने देशभर पुकारा केला, की जे. बी. कोण? शेवटी सापडली, जेन ब्राउन थॉम्पसन, फिलाडेल्फियाची विधवा बाई. जानेवारी १९३९ला रेडिओवर गाणं पहिल्यांदा वाजलं, आणि ती आदल्याच रात्री गेली होती.

कारमायकलने तिचं नाव शोधलं हे मला फार मोठं वाटतं. मामांच्या वाक्यावरून आठवलं.

अण्णू
शब्द नाहीत.

निशिगंध
काल रात्री बाबांना घेऊन बसले. 'नाईट अँड डे' पाचही, ओळीने. त्यांनी डोळे मिटलेले. १९४२ला काही बोलले नाहीत. ५७च्या रेकॉर्डला पायाने ठेका. डिस्को सुरू झालं तसे म्हणाले, हे पुढे ढकल. आणि पॅरिसच्या गिटारवाल्याला डोळे उघडले. मला तिथे एक ऐकू आलं ते लिहिते. मागे वाद्यवृंद नाही त्यामुळे ओळीच्या शेवटी आवाज झाकायला काहीच नाही, तो शेवटचा शब्द सोडताना सूर अगदी किंचित खाली बसतो, आणि तो ते लपवत नाही. शास्त्रीयच्या क्लासमध्ये मला यावर ओरडा बसला असता. बाबा म्हणाले, "परत लाव."

नदीताई, तुमचं उत्तर मला पटलं. पियानोदादा, तुमचंही, दोन्ही खरी आहेत असं वाटतंय, प्रकाशकाला खप हवा होता म्हणून गाणं मोकळं राहिलं आणि ते मोकळं होतं म्हणून याला पस्तीस वर्षं परत परत आत शिरता आलं. पण बंदिशीशी तुलना मी मागे घेते. बंदिशीत शब्द हळूहळू सुटत जातात, इथे तो शब्दाला धरूनच सगळं करतो.

कोपऱ्यावरचा_पियानो
'स्टारडस्ट' त्याने १९६१ला काय केलं ते ऐका मग. या गाण्यांना आधी एक छोटी प्रस्तावना असते, व्हर्स म्हणतात, आपल्या जुन्या सिनेमागाण्यांत ठेका सुरू व्हायच्या आधी दोन ओळी यायच्या तशी. बहुतेक लोक ती गाळतात. याने नुसती ती गायली, आणि जगप्रसिद्ध मुखडा गाळला. गाणं सुरू होणार तिथे संपतं.

तात्या_६३
हे कबूल करतो, ते करायला जॅझवाल्याचीच छाती लागते.

नदीपलीकडे
तात्या!!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. चांदणीचा फोटो रविवारी नक्की.

म्हापशेकार
तुमचं सगळं वाचून काल मामीकडे फोन केला, मामाची वही आहे का म्हणून. भाचीने फोटो पाठवले. पानं पिवळी झालीत, कडा वाळवीने खाल्लेल्या. 'नाईट अँड डे' एका पानावर, शाईने नीट उतरवलेलं, मूळ पट्टी वर कोपऱ्यात. आणि बाजूला पेन्सिलीने चार वेगवेगळ्या पट्ट्या लिहून प्रत्येकीपुढे एकेक आद्याक्षर, एल., एम., आर., आणखी एक पुसट. ज्या ज्या गायिकेमागे वाजवलं तिची पट्टी. आर.च्या समोर लिहिलंय, 'शेवटाक रांवप, ती उसरां सोडटा'. म्हणजे शेवटी थांबायचं, ती उशिरा सोडते.